सहावा ठिपका

पिंजरा म्हटलं की तुमच्यासमोर पोपट येतो, मित्रांनो. मी पोपटाचा नाही. मी उंदरांचा पिंजरा आहे, जुना, एका बाजूनं चेपलेला, समुद्रपूर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या घरचा. नाक मुरडलंत ना? मुरडा खुशाल, मला सवय आहे. घड्याळ, छत्री, फळा यांच्या कहाण्या तुम्ही पोटभर ऐकल्या असतील. माझी कुणी ऐकत नाही, कारण मला आधी सगळे लांब ठेवतात. पण एका बाईचा जीव दोन मिनिटांवर येऊन थांबला होता आणि ती दोन मिनिटं मी जवळून पाहिली आहेत. म्हणून ऐकाच.

माझा जन्म समुद्रपूरच्या आठवडी बाजारातला. नत्थूजी नावाचे एक कारागीर तिथे पत्रा ठोकत बसायचे. चाळण्या, कोठ्यांची झाकणं आणि उंदरांचे पिंजरे. माझी जाळी त्यांनी जाड तारेची विणली. दाराला स्प्रिंग बसवल्यावर त्यांनी स्वतःचंच बोट आत घालून पाहिलं. दार खटकन पडलं, नख निळं झालं, तेव्हा कुठे ते म्हणाले, "आता बरोबर झाला." असा माझा बाप होता. माल खोटा निघू नये म्हणून बोट ठेचून घेणारा.

मला विकत घेतलं वासुदेवरावांनी. त्यांच्या घराच्या मागच्या खोलीत तुरीची, सोयाबीनची पोती होती, आणि उंदरांनी तिथे अगदी मांडव घातला होता. पहिल्याच आठवड्यात मी अकरा धरले. वासुदेवराव हनुमानाच्या पारावर बसून सांगायचे, "आमच्या पिंजऱ्यानं अकरा धरले, बापा." त्यांची बायको देवकाबाई मला शिळी भाकर कधी लावायची नाही. कांद्याचं भजं तळलं की त्यातला एक तुकडा माझा. खरं तर उंदराचा, पण मान माझा.

मग दुकानात चिकट पुठ्ठे आले. उंदीर त्यावरून गेला की चिकटला, पुठ्ठ्यासकट फेकून दिला, काम झालं. वासुदेवरावांच्या मुलानं, आदेशनं, ते पुठ्ठे आणले आणि मला उचलून घरामागे फेकलं. तिथे पराटीचा ढीग होता, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उपटलेली, चुलीसाठी रचून ठेवलेली कपाशीची वाळकी झाडं. त्या ढिगाच्या कडेला मी आठ पावसाळे पडून राहिलो. गवत वाढलं, गंज चढला. उंदीर माझ्या पाठीवरून ये-जा करू लागले. माझ्याच पोटात बसून एकीनं पिल्लं वाढवली. याहून मोठा अपमान पिंजऱ्याचा होत नाही.

तिथे पडल्या पडल्या मी एक गोष्ट बघितली होती. पावसाळा संपत आला की गवताच्या टोकांवर केशरी रंगाचे बारीक कण दिसायचे, खसखशीच्या दाण्याहूनही बारीक. उंदीर गवतातून गेला की ते त्याच्या कानात जाऊन बसायचे. मला वाटायचं, धूळ असेल. ती धूळ नव्हती. ती एका किड्याची पिल्लं होती. पण हे मला फार उशिरा कळलं, आणि आमच्या घरालाही.

वासुदेवरावांच्या सुनेचं नाव वर्षाली. आदेशची बायको. हसरी, कामाला वाघ. दसऱ्याला पंधरा-वीस दिवस असतील, तेव्हा ती एका दुपारी विळा घेऊन मागे आली आणि गवत कापू लागली. दमली की पराटीच्या ढिगाला टेकून बसायची. बसता बसता तिचा हात मला लागला. "अगं माय, हा पिंजरा अजून हाये काय इथं," असं म्हणून तिनं मला उचललं, आतली घाण झटकली आणि भिंतीला नीट टेकवून उभं केलं. आठ वर्षांत मला सरळ करणारी ती पहिली. मी पत्र्याचा असलो तरी मला ते लागलं, मित्रांनो.

दहाएक दिवसांनी मागच्या खिडकीतून तिच्या कण्हण्याचा आवाज येऊ लागला.

ताप भयंकर होता. डोकं फुटून जाईल असं दुखायचं, अंग ठेचल्यासारखं व्हायचं. कंबर तर तिला टेकवेना. देवकाबाईंनी आमच्याकडे करतात ते केलं. बिब्बा घेतला. बिब्बा म्हणजे काळं, टणक फळ. त्यात सुई खुपसून दिव्यावर धरलं की आतलं काळं तेल पाझरतं. दुखणाऱ्या जागी त्या तेलाचे ठिपके देतात. ते चरचरतं, मग खाजतं, मग त्याची काळी खपली धरते. नीट दिलं नाही तर फोड येऊन सगळीकडे पसरतं. त्याला बिब्बा उतला म्हणतात. देवकाबाईंच्या हातचा बिब्बा कधी उतत नसे. गावातल्या बाया लांबून त्यांच्याकडे यायच्या. त्याचा त्यांना अभिमान होता, आणि का असू नये? मलाही माझ्या स्प्रिंगचा होताच.

ठिपके दिले, पण ताप हटेना. आदेशनं वर्षालीला मोटरसायकलवर बसवून दवाखान्यात नेलं. देवकाबाई ऑटोनं मागून गेल्या. रक्त तपासलं. डेंग्यू निघाला नाही, पण रक्तातल्या पेशी कमी झाल्या होत्या. दिवस डेंग्यूचे होते, सहावा दिवस होता. डॉक्टर म्हणाले, डेंग्यूच धरून चालू. त्यांनी कमरेवरचे काळे ठिपके पाहिले आणि विचारलं, "हे काय आहे?"

"बिब्बे होत, डॉक्टरसाहेब. म्या लावले," देवकाबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी मान हलवली आणि पुढचा रोगी घेतला. त्यांचा तरी काय दोष? बाहेरगावचा डॉक्टर असता तर त्यानं भिंग लावून पाहिलं असतं. आमच्याकडचा डॉक्टर रोज दहा पाठी बघतो आणि त्यातल्या सहा पाठींवर बिब्बा असतो.

हे सगळं घरच्यांनी परत येऊन खिडकीजवळ बोललेलं मी ऐकलं. माझा जीव टांगणीला लागला. पण पिंजऱ्याला कोण विचारतं?

त्याच संध्याकाळी आमच्या दारात एक जीप थांबली. वर्ध्याकडच्या एका मेडिकल कॉलेजातल्या डॉक्टर नंदिनी आल्या होत्या, मूळच्या पुलगावच्या. त्यांच्याबरोबर धर्मेंद्र नावाचे प्रयोगशाळेतले सहायक होते. तेच जीप चालवायचे. त्यांना उंदीर हवे होते.

वासुदेवराव देवकाबाईंना हाक मारून पाहुण्यांना घरामागे घेऊन आले. मग म्हणाले, "घ्या न. जितके लागतीन तितके घ्या. पण कायले?"

नंदिनी हसल्या. मग त्यांनी सांगितलं, आणि ते मी आजपर्यंत विसरलो नाही. एक ताप असतो, त्याला स्क्रब टायफस म्हणतात. पावसाळ्याच्या शेवटी गवतात एका किड्याची केशरी पिल्लं फिरतात. ती उंदरांच्या कानात राहतात. त्यातलं एखादं माणसाला चावलं तर दुखत नाही, खाजत नाही, माणसाला पत्ताही लागत नाही. पण त्याच्या तोंडातून एक जंतू अंगात जातो. दहा-बारा दिवसांनी ताप येतो आणि तो दिसतो हुबेहूब डेंग्यूसारखा. औषध साधं आहे, कुठेही मिळतं. पण ते वेळेवर मिळालं नाही तर फुप्फुस, यकृत, मेंदू, एकेक करत सगळं बंद पडत जातं. शेजारच्या दोन गावांत असे रोगी निघाले होते. कुठल्या घरांभोवती हे किडे आहेत, ते नंदिनी शोधत होत्या.

"घरात कोणाला ताप आहे का, काकू?" त्यांनी विचारलं.

"सुनेले हाये. पण डेंग्यू हाये तो. औषध चालू हाये," देवकाबाई म्हणाल्या. "आता डोळा लागला तिचा. सकाळी पाहा."

मी तिथे भिंतीला टेकून उभा होतो आणि मला ओरडावंसं वाटत होतं. ती गवतात बसली होती हो, या ढिगाला टेकून, तासभर. मी पाहिलं होतं. माझ्याशिवाय कुणी पाहिलं नव्हतं. पण नत्थूजींनी मला सगळं दिलं, फक्त वाचा नाही दिली.

त्यांच्याजवळ घडीचे, चकचकीत पत्र्याचे वीस पिंजरे होते. एकाचं दार मोडलेलं निघालं. नंदिनींची नजर माझ्यावर पडली. "काकू, हा घेऊ का?"

धर्मेंद्र म्हणाले, "मॅडम, याच्यात उंदीर तर काय, झुरळबी नाई अडकणार."

ऐकून घेतलं मी. गूळ आणि शेंगदाण्याचा कूट लावून मला पराटीच्या ढिगापाशी ठेवलं.

सकाळी त्या एकोणीस चकचकीत पेट्यांत मिळून तीन उंदीर होते. आणि एक माझ्यात. खटक्यानं मला दगा दिला नाही. धर्मेंद्रांनी हातमोजे घालून मला उचललं तेव्हा ते काही बोलले नाहीत, आणि मीही त्यांना टोमणा मारला नाही, कारण नंदिनींचा चेहरा बदलला होता. त्यांनी भिंग लावून उंदराचा कान बघितला. आत केशरी कणांचा थर बसला होता.

"घरात तापाचा रोगी आहे ना?" त्या म्हणाल्या. "चला, आधी तिला बघू."

धर्मेंद्रांनी मला पातळ पांढऱ्या कापडाच्या पिशवीत घातलं आणि ओसरीवर दाराशी ठेवलं. कापडातून मला धूसर दिसत होतं. वर्षालीची खाट दाराजवळच होती. नुकतीच तापाची गोळी दिलेली, त्यामुळे अंग निवलं होतं. ती उठून बसली, दोन घोट चहाही प्यायली. देवकाबाईंना धीर आला. नंदिनींनी पुरुषांना बाहेर पाठवलं आणि बॅटरी घेऊन तिचं अंग तपासायला सुरुवात केली.

हा किडा चावतो तिथे एक काळी खपली धरते, जळत्या विडीचा चटका बसावा तशी. ती खपली सापडली की तपासणीच्या कागदाचीसुद्धा वाट बघायची नसते, औषध लगेच सुरू. पण ती सापडते कुठे? काखेत, मांडीच्या सांध्यात, छातीखाली, नाडी बांधतो तिथे. जिथे माणूस दुसऱ्याला दाखवत नाही आणि स्वतःला दिसत नाही, नेमकी तिथे.

नंदिनींनी कानामागे पाहिलं. मान पाहिली. काखा पाहिल्या. पोट, मांड्या, गुडघ्यांच्या मागच्या लवणी. काही नाही. मग त्यांनी वर्षालीला कुशीवर वळायला सांगितलं आणि पाठीवरचं लुगडं बाजूला केलं.

कमरेवर काळे ठिपके होते.

"बिब्बे होत ते," देवकाबाई म्हणाल्या. "म्या लावले."

नंदिनी थबकल्या. वाकून बघितलं. मग त्याही म्हणाल्या, "हो, माझी आजीपण लावायची." आणि लुगडं परत नीट केलं.

मित्रांनो, शिकलेली, हुशार, रात्रंदिवस याच आजाराच्या मागे लागलेली ती बाई. तिलाही फसायला झालं, कारण ती इथलीच होती. आपल्या घरातलं जे रोजचं असतं ना, ते आपल्याला दिसतच नाही.

त्यांनी रक्त घेतलं. "उद्या संध्याकाळी रिपोर्ट येईल, मी फोन करते. त्याआधी दम लागला, ग्लानी आली तर लगेच मोठ्या दवाखान्यात न्या," असं सांगून त्या जीपकडे गेल्या. धर्मेंद्र पेट्या भरू लागले. पेट्या भरल्या, मागचं दार लागलं, इंजिन सुरू झालं.

आणि मी ओसरीवरच होतो. मला विसरले होते.

पुन्हा एकदा विसरले. मी मनात म्हटलं, झालं, आता परत पराटी. पण मला राग आला तो माझ्यासाठी नव्हे. ती जीप निघाली की उद्या संध्याकाळपर्यंत कुणी येणार नव्हतं, आणि कापडातून मला दिसत होतं की वर्षालीचं पोट दर श्वासाला भात्यासारखं वर-खाली होतं आहे.

देवकाबाई तिचं लुगडं सारखं करत होत्या. ठिपक्यांवर थोडं खोबरेल लावावं म्हणून त्यांनी बोट टेकवलं. पहिल्या ठिपक्याला बोट लागलं तशी वर्षाली आक्रसली. "खाजते, आई." दुसऱ्याला लागलं, ती पुन्हा आक्रसली. तिसरा, चौथा, पाचवा. मग बोट खाली गेलं, डाव्या अंगाला, जिथे परकराची नाडी येते तिथे. वर्षाली हललीसुद्धा नाही.

"इथं नाई खाजत?"

"नाई."

"दुखते?"

"काईच नाई होत तिथं."

देवकाबाईंचं बोट तिथेच राहिलं. त्यांनी पुन्हा वरून सुरुवात केली. मणक्याच्या या बाजूला दोन. त्या बाजूला दोन. मध्ये एक. त्यांच्या सासूनं त्यांना असेच पाच शिकवले होते आणि चाळीस वर्षांत त्यांनी सहावा कधी दिला नव्हता. त्यांनी तिसऱ्यांदा मोजलं. मला त्यांचे ओठ हलताना दिसत होते.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय, लगेच सांगायचं. इतकं सोपं नसतं ते. एकदा डॉक्टरला सांगितलं होतं, माझे आहेत. दुसऱ्यांदा या मॅडमला सांगितलं होतं, माझे आहेत. सगळ्या गावानं मानलेला हात होता तो. त्या हातानंच आजार झाकून ठेवला होता हे तोंडानं कबूल करायचं, तेही परक्या माणसांपुढे. त्या उभ्या राहिल्या, पण पाऊल उचललं नाही. माझ्या जाळीची तार न् तार ताणली गेली होती. बाई, बोल, मी म्हणत होतो. बोल न माय.

तेवढ्यात बाहेर इंजिन बंद झालं. धर्मेंद्रांनी पेट्या मोजल्या होत्या आणि एक कमी भरली होती. ते धावत ओसरीवर आले आणि माझ्या पिशवीला हात घातला.

देवकाबाई दारात आल्या. "भाऊ, तुमच्या मॅडमले बोलवा," त्या म्हणाल्या. "माहे पाच होते. हे सा हायेत."

धर्मेंद्रांना काही कळलं नाही. पण गाडीच्या उघड्या खिडकीतून नंदिनींना कळलं. त्या पळत आल्या. या वेळी बॅटरी अगदी टेकवून बघितलं. पाच ठिपक्यांची खपली वेडीवाकडी, तेल ओघळल्यासारखी. सहावी गोल, मध्ये खोलगट, भोवती लाल कडं.

"वर्षालीताई, जरा दारापर्यंत चालून या," नंदिनी म्हणाल्या. वर्षाली चार पावलं चालली आणि चौकटीला धरून खाली बसली. नंदिनींनी तिच्या बोटाला लावलेल्या यंत्रावरचा प्राणवायूचा आकडा घसरत गेला. बसल्या जागी लपलेलं फुप्फुसाचं दुखणं चार पावलांनी उघडं पाडलं.

त्यांनी पिशवीतून एक कॅप्सूल काढली आणि तिथेच, देवकाबाईंच्या हातच्या पाण्यानं तिला गिळायला लावली. मोठ्या डॉक्टरांना फोन केला. रुग्णवाहिका यायला वेळ होता. "जीपमध्येच घ्या," त्या म्हणाल्या. उंदरांच्या पिशव्या पेट्यांत बंद करून टपावर बांधल्या. मीही टपावर गेलो.

तिथून मला काही दिसत नव्हतं. खालच्या खिडक्या उघड्या होत्या, तेवढं ऐकू येत होतं. वर्षालीचा श्वास ऐकू येत होता. नंदिनी दर थोड्या वेळानं तो मोजायच्या. मिनिटाला अठ्ठावीस. जाम गावच्या चौकात ट्रकांची रांग लागली होती. बत्तीस. धर्मेंद्र जीपमधून उतरून पुढे गेले आणि ट्रकवाल्यांना विनवत वाट करून आले. छत्तीस. मग वर्षाली आदेशला हाका मारायला लागली. आदेश मोटरसायकलवर मागेच होता, पण नंदिनींनी दाखवला तरी तिला ओळखू येईना.

देवकाबाई एकदाच बोलल्या. "माह्या बिब्ब्यानं झालं काय व हे?"

"नाही काकू. किड्यानं झालं," नंदिनी म्हणाल्या. "पण बिब्ब्यांत ते दिसलं नाही. मलाही नाही दिसलं."

दवाखाना आला, वर्षालीला स्ट्रेचरवर आत नेलं.

मला प्रयोगशाळेत नेलं. उंदराच्या कानातले किडे चिमट्यानं एकेक करून बाटलीत घातले. मला औषधाच्या पाण्यात बुडवलं, घासलं आणि फळीवर वाळत ठेवलं. आठ वर्षांची घाण निघाली, पण मला त्याचा आनंद घेता येईना. धर्मेंद्र ये-जा करायचे, तेवढ्यावर माझं लक्ष. पहिल्या दिवशी ते कुणाला तरी म्हणाले, "मशीन लावली श्वासाची." अलीकडच्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं आहे की असा अत्यवस्थ रोगी असला तर एकाऐवजी दोन औषधं एकत्र शिरेतून दिली की जास्त गुण येतो. तशी दोन्ही सुरू केली होती. दुसऱ्या दिवशी धर्मेंद्र आले, डबा उघडला आणि न जेवताच बंद केला. मी विचारणार कसं?

त्याच संध्याकाळी रक्ताचा रिपोर्ट आला. त्यात आजार नव्हता. हो, नव्हता. रक्तात त्याची खूण उमटायला कधी कधी आठवड्याहून जास्त वेळ लागतो. पण त्या खपलीचा तुकडा दुसऱ्या यंत्रात तपासला होता. त्यात जंतू सापडला. आणि माझ्यातल्या उंदराच्या कानातल्या किड्यांत सापडला, तोही त्याच जातीचा. तो कागद हातात धरून धर्मेंद्र माझ्यासमोरच उभे होते. मला घाम फुटत नाही म्हणून, नाहीतर फुटला असता. गावात रिपोर्टची वाट बघत बसलो असतो तर फोनवर हेच ऐकलं असतं, काही नाही, डेंग्यूच असेल.

तिसऱ्या दिवशी दुपारी ताप उतरला. पाचव्या दिवशी मशीन काढली. बाराव्या दिवशी वर्षालीला घरी सोडलं.

धर्मेंद्र मला हातात घेऊन दवाखान्याच्या दारात आले. माझ्या स्प्रिंगला त्यांनी तेल घातलं होतं. झुरळाबद्दल मी त्यांना माफ केलं. वर्षाली आदेशचा हात धरून उभी होती, निम्मी झाली होती, पण मला बघून हसली. नंदिनी देवकाबाईंना म्हणाल्या, "काकू, त्या दिवशी तुम्ही बोलला नसता तर मी निघून गेले असते."

मला वाटलं, आता देवकाबाई हसतील. त्या हसल्या नाहीत. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि म्हणाल्या, "आमच्या शेजारी शोभाबाई होती, मॅडम. पोळ्याच्या आठवड्यात तापानं गेली. आठ दिवस ताप होता तिले. तिचीबी कंबर दुखे. तिलेबी मीच बिब्बे लावले होते." त्यांनी पदर सोडला. "तिचे कोनं मोजले?"

"ते आता कळायला मार्ग नाही, काकू," नंदिनी म्हणाल्या. "तो ताप दुसराही असेल."

"असंनबी," देवकाबाई म्हणाल्या. "पण म्या मोजले नाई."

वासुदेवरावांनी तोवर घरामागची पराटी हलवली होती, गवत काढून जागा साफ केली होती. मला त्यांनी मागच्या भिंतीवर ठेवलं. भिंतीपलीकडे शोभाबाईंचं अंगण. तिथे आता त्यांची मुलगी अंजू एकटीच वावरते. दुसऱ्या दिवशी सकाळी देवकाबाई त्या अंगणात गेल्या. अंजू धान्य निवडत होती. देवकाबाई बसल्या नाहीत. उभ्या उभ्याच त्यांनी सगळं सांगितलं, वर्षालीचे पाच आणि सहावा, आणि मग, "तुह्या मायच्या पाठीवर किती होते ते म्या पाह्यलं नाई, अंजू."

अंजूचा हात सुपातच राहिला. मला वाटलं, ती आता ओरडेल, हाकलून देईल, आणि तिचा तो हक्कच होता. ती उठली, आत गेली, पाण्याचा तांब्या आणून देवकाबाईंच्या समोर ठेवला आणि खाली बघत म्हणाली, "काकू, गावातल्या बाया तुमचं ऐकतात. त्या डॉक्टरले अंग नाई दाखवत, तुमाले दाखवतात. आता ज्याले त्याले ताप आला का तुमी जा. बिब्बा लावाले नका जाऊ. पाहाले जा."

देवकाबाई जातात. कुणाला ताप आला की त्या सगळं अंग बघतात, नाडीखाली बघतात, काखेत बघतात, आणि काळी खपली दिसली की त्याच पावली दवाखान्यात नेतात. दिवाळीपर्यंतच त्यांनी तीन जणींना नेलं. तिघी घरी परत आल्या.

मला तुमच्याकडून माझ्यासाठी काही नको, मित्रांनो. तेल घातलंत तर बरं, नाही घातलंत तरी चालेल. पण घरात कुणाला ताप आला तर त्याचं अंग नीट बघा, लाजू नका, आणि जे दिसेल ते "आमचंच आहे" म्हणून झाकून टाकू नका. रोज सकाळी अंजू अंगण झाडायला येते. झाडून झालं की तिच्या आईच्या रिकाम्या खाटेजवळ जरा थांबते, आणि मग कामाला लागते.